झेंडूच्या माळांखालची बंदूक

प्रिय गोजराआत्या,

मागच्या पत्रात माझ्याकडून एक चूक झाली, ती आधी दुरुस्त करते. शेखरदादाच्या साखरपुड्याला कार्यालयाच्या गेटवरच्या आणि मांडवातल्या कॅमेऱ्यांनी बंदुकीचे जेवढे इशारे दिले, ते सगळे खोटे निघाले, असं मी लिहिलं होतं. तेवढं खरंच आहे. पण त्यावरून त्या दिवशी बंदूक आलीच नाही असा अर्थ निघतो, आणि तो खोटा आहे. बंदूक आली होती. तुझ्या खांद्यावरून आली होती. हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आख्ख्या मांडवाला माहीत आहे. माहीत नाही ते फक्त मशीनला.

फोनच करणार होते. पण तू फोन स्पीकरवर ठेवून भाकरी थापतेस आणि माझं बोलणं आपल्या भरे गावाच्या पारापर्यंत जातं. म्हणून पत्र.

गौतमी सूसच्या ऑफिसात बसून टीव्ही बघायचा पगार घेते, असं तू सगळ्यांना सांगतेस. त्यात थोडं तथ्य आहे. कॅमेऱ्यात बंदुकीसारखं काही दिसलं की मशीन त्याभोवती लाल चौकट काढतं आणि केकाटतं. मग मी नीट बघून 'हो' किंवा 'नाही' दाबायचं. 'हो' दाबलं की गेटवरच्या रखवालदाराला आणि पोलिसांना एकदमच निरोप जातो. हे काम मला जमतं ते तुझ्यामुळेच. शाळेत नाव घालायच्या आधी भाताच्या शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बसवून तू मला अक्षरं शिकवलीस, आणि अंधारात हलतंय ते रानडुक्कर की शेजाऱ्याचं कुत्रं, हे कळेपर्यंत तोंड उघडायचं नाही हेही शिकवलंस. मशीनला असं कुणी शिकवलेलं नाही. ते आधी ओरडतं.

साखरपुड्याला ते आचाऱ्याच्या झाऱ्यावर ओरडलं, होणाऱ्या मृण्मयीवहिनीच्या मावशीच्या केस वाळवायच्या यंत्रावर ओरडलं. मंडपवाले मतीनभाई शिडीवर चढून ड्रिलने भोक पाडत होते, तेव्हा तर इतकं ओरडलं की नवा रखवालदार आवाज ऐकून धावत गेला आणि 'हात वर!' म्हणाला. मतीनभाई म्हणाले, "हात वरच हायेत बाबा, पडदा सोडला तर खालच्या विहीणबाईंच्या डोक्यात पडंल!" मी 'नाही' दाबून दाबून थकले.

आणि मग तू आलीस. नळीला झेंडूच्या माळा, दस्त्याला हिरवा खण, वर नारळ, हळदकुंकू. मशीन गप्प. एवढंसुद्धा किरकिरलं नाही. माझे वरिष्ठ निरंजनसर शेजारीच उभे होते. ते मूळचे शहरातले. म्हणाले, "वा, कावड आली वाटतं!" मी डबा उघडला. मशीनने विचारलंच नव्हतं ना, मग उत्तर कशाला द्यायचं, अशी मी माझी समजूत घातली. ती समजूत दोन घासही टिकली नाही. डबा तसाच परत आला.

आत्या, मला रीत ठाऊक आहे. आतोबा गेल्यापासून घरच्या प्रत्येक कार्यात त्यांच्या जागी, मानाच्या खुर्चीवर, त्यांची बंदूक बसते. पिकाच्या राखणीचा परवाना आता तुझ्या नावावर आहे, हेही ठाऊक आहे. व्याह्यांनी, अण्णासाहेबांनी, तिला कुंकू लावलं, टोपी घातली, शाल पांघरली आणि जोडीने नमस्कार केला, ते मी पडद्यावर बघत होते. हसूही आलं आणि डोळेही भरले. आतोबांनाही टोपी अशीच तिरकी बसायची.

पण संध्याकाळी शेखरदादा सहज बोलून गेला की ती ठासलेली होती, दारू भरलेली. जेवणानंतर बाहेर बार काढायचा म्हणून तू घरूनच ठासून आणलीस. त्या क्षणी मला फक्त एक दृश्य आठवलं. मृण्मयीवहिनीची एवढीशी भाची त्या खुर्चीवर चढून झेंडूची फुलं ओढत होती, आणि कॅमेऱ्याच्या माइकवर तू कौतुकाने म्हणत होतीस, "बसू दे, तिच्या आजोबांच्याच मांडीवर हाय ती!" तेव्हापासून मला लाल चौकट दिसते. झाऱ्यावर नाही, त्या पोरीभोवती.

काल निरंजनसरांना सांगितलं की ती कावड नव्हती. ते आधी हसले. मग चित्रण पुन्हा लावलं आणि खुर्चीत बसले. फुलांतली बंदूक मशीनला शिकवायला वेळ लागेल म्हणाले. 'लग्नाला तू नातेवाईक म्हणून जा, तुझ्या जागी दुसऱ्याला बसवतो,' असंही मला म्हणाले. मी नको म्हटलं. दुसऱ्यालाही कावडच दिसेल. शिवाय परवाच तुझा निरोप आला: "लग्नाला माळा आणखी घालते. आन् मशीनवर गौतमी हाय, ती आपलीच हाय."

त्या निरोपाचं उत्तर द्यायला हे पत्र लिहिते आहे. मी तुझीच आहे, म्हणूनच आधी कळवते. खुर्चीवर आतोबांचा फोटो ठेव, टोपी मी आणून देईन, फोटोलाही ती तिरकी घालता येते. बंदूक घरी ठेव, कुलपात, रिकामी करून. दादाच्या अक्षता मला टाकायच्या होत्या गं. आता पडद्यावरच बघेन. पण बंदूक गेटवर आली, तर मशीन ओरडो वा न ओरडो, तुझ्या नावाचा परवाना असो, तू माझी आत्या का असेनास, मी 'हो' दाबणार आहे. लग्नाच्या दिवशी. रविवारी, चौदा डिसेंबरला.

तुझीच, रागावलीस तरी तुझीच,
गौतमी