केतकीची सेकंड सर्व्ह

१२ एप्रिल २०१३, शुक्रवार

सौदीतल्या राबिघ आणि जेद्दाच्या माझ्या तमाम मराठी बंधुभगिनींनो! आपण इथे वाळवंटात रक्त आटवतो आणि तिकडे आपल्या मातीतल्या गुणवत्तेला पेपरात तीन ओळी मिळतात. नाशिकची केतकी रहाळकर, वय एकोणीस, परदेशात टेनिसची स्पर्धा जिंकते, आणि बातमी कुठे? कांद्याच्या भावाखाली!

काल इथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात माझं भाषण इथपर्यंत पोचलं. मग मंडळाचा सेक्रेटरी गिरीश याने माझ्या हातातला माइक काढून घेतला आणि श्रीखंड संपत आलंय अशी घोषणा केली. हॉल रिकामा. उरलेलं भाषण आता या डायरीत.

संकल्प: केतकीच्या प्रत्येक मॅचची आकडेवारी जमवायची. ईदपर्यंत ती पहिल्या दोनशेत येणार हे सिद्ध करायचं. सध्या रँक ४१२.

२० एप्रिल, शनिवार

सौदायझेशन माझ्या टेबलापर्यंत आलं. प्रत्येक परदेशी इंजिनियरला एक सौदी पोरगा जोडून दिलाय. त्याला आपलं काम शिकवायचं. तो शिकला की आपण घरी. म्हणजे खड्डा आपणच खणायचा, वर फावडं चांगलं धरलं म्हणून सर्टिफिकेट!

माझ्या वाट्याला मिशाल. दहाला उगवला. अत्तराचा घमघमाट, हातात कॉफीचा थर्मास. पहिला कप मला भरून दिला. लाच!

स्टोअरचा जाफर रत्नागिरीचा. म्हणाला, चारूभाय, शिकवलंस तरी जाशील, नाय शिकवलंस तरी जाशील. शिकवलंस तर पोरगा निदान दुवा देईल. पराभूत वृत्ती.

घरी बायकोने, शीलाने, विचारलं, आपल्या नूपुरच्या बारावीला दोन वर्षं आहेत, तोवर टिकशील ना? म्हटलं, रिफायनरीचं प्लॅनिंग माझ्या डोक्यात आहे. डोकं कोण काढून नेणार? ती म्हणाली, तेवढं बोलू नकोस फक्त ऑफिसात.

२३ एप्रिल

मास्टरस्ट्रोक! मिशालला प्लॅनिंगचं अक्षर दाखवायचं नाही. केतकीच्या मॅचेसचा डेटा एक्सेलमध्ये भरायला बसवलं. सांगितलं, हा बेसिक कोर्स आहे. बिचाऱ्याने मान डोलावली. त्याचं शिक्षण बंद, माझं संशोधन चालू.

१८ मे

केतकी सलग तीनदा पहिल्या फेरीत हरली. रँक ४५५. कारण: वारा, पंच, आणि बाकीच्या मुलींची उगाचच सुधारणा. टेनिस संघटनेला अकरा पानी पत्र पाठवलं. उत्तर नाही. झोपलेत!

मिशाल हल्ली सात वाजता येतो. आज विचारलं, उस्ताद, ही मुलगी थकून हरते की घाबरून? म्हटलं, मराठी मुलगी घाबरत नाही. त्याने पुन्हा आकड्यांत डोकं घातलं.

२ जून

मिशालने परवानगी न घेता चार्ट काढला. म्हणे, एक गेम गेला की तिची सेकंड सर्व्ह हळू पडते, मग ती पुढचे सोपे पॉइंटसुद्धा घालवते. थकवा नाही, धसका. त्याला चांगलाच झापला. आकडे म्हणजे श्रद्धेचा विषय आहे, शंका घ्यायचा नाही. हसून त्याने कॉफी ओतली.

घरी सांगितलं तर नूपुर म्हणाली, बाबा, ही इज राइट. इथल्या भारतीय शाळांत काय शिकवतात कोण जाणे.

२९ जून, शनिवार

ऑफिसला गेलो. शुकशुकाट. गेटवरचा वॉचमन ताजुद्दीन हसत होता. साब, सुट्टी गुरुवार-शुक्रवारची शुक्रवार-शनिवार झाली ना, अख्ख्या मुल्काला माहीत आहे. मला कुणी विचारलं होतं? परवा गुरुवारी मी नेहमीच्या सुट्टीसारखा घरी बसून केतकीची मॅच बघत होतो, म्हणजे ती माझी गैरहजेरी! मॅनेजरने तेव्हा शटडाउनचा (दुरुस्तीसाठी दर वर्षी रिफायनरी बंद ठेवतात त्याचा) रिपोर्ट मागितला होता म्हणे. मिशालने माझ्या जुन्या फायली चाळून तयार केला आणि नेऊन दिला.

(केतकी हरली.)

३ जुलै

मॅनेजरने दोघांना बोलावलं. मिशालचा रिपोर्ट टेबलावर. शटडाउन दर वर्षी का लांबतो यावर! पोरगा सांगतो, पहिलं काम उशिरा झालं की कंत्राटदार धसका घेतो आणि पुढची सोपी कामं बिघडवतो. म्हणून पहिल्या आठवड्यात सोपी कामं ठेवा. मॅनेजर उठून उभा राहिला. म्हणाला, वीस वर्षांत हे कुणी सांगितलं नाही.

वीस वर्षं इथलं प्लॅनिंग म्हणजे मीच. पण राग गिळला, कारण मॅनेजरने विचारलं, याला तयार कुणी केलं?

आणि मी बोललो! पंचवीस मिनिटं. गुरुशिष्य परंपरा, ज्ञानदान, सारं. ओघात शेवटी टेबलावर मूठ आपटून म्हणालो, आज या मुलाला माझी गरज उरलेली नाही! मॅनेजरने टाळ्या वाजवल्या. आयुष्यात प्रथमच कुणी माझं भाषण शेवटपर्यंत ऐकलं.

प्रमोशन नक्की. शीलाला सांगितलं. तिने शेवटचं वाक्य मला दोनदा म्हणायला लावलं. मग नूपुरच्या शाळेच्या फीच्या पावत्या काढून बसली.

१२ ऑगस्ट

ईद झाली. रँक ५९०. खरी प्रगती रँकिंगमध्ये दिसत नाही.

२ सप्टेंबर

पत्र आलं. ‘नॉलेज ट्रान्स्फर यशस्वीरीत्या पूर्ण’. कॉन्ट्रॅक्टचं नूतनीकरण नाही. पुढच्या महिन्यात फायनल एक्झिट, म्हणजे देश कायमचा सोडायचा. पुरावा म्हणून माझंच वाक्य जोडलंय, माझ्या नावासकट.

जाफर म्हणाला, चारूभाय, तुला गप्प बसायचा बी कोर्स करायला हवा होता. मग माझ्या सामानासाठी स्टोअरमधले चांगले खोके बाजूला काढून ठेवले.

नूपुरची शाळा वर्षाच्या मध्ये तुटणार. जाफरच्या खोक्यांत तिने आधी आपली पुस्तकं भरली. 

२६ सप्टेंबर

केतकीने टेनिस सोडलं. पेपरात तीन ओळी. अमेरिकेत कॉलेजला जातेय. म्हणाली, एक पॉइंट गेला की पुढच्या सर्व्हचीच भीती वाटायची, आता सुटले.

मिशाल निरोपाला घरी आला. ताइफच्या गुलाबाचं अत्तर, अजवा खजुराचा डबा. शीलाच्या हातचा उपमा दोनदा घेतला. जाताना डोळ्यांत पाणी. म्हणाला, उस्ताद, तुम्ही मला सगळं दिलंत. काहीही दिलं नव्हतं रे! हाच तर प्लॅन होता!

ऐका, बंधूंनो. उद्या तुमच्या शेजारच्या खुर्चीवर कुणी सौदी पोरगा बसेल. त्याला तुमचा छंद शिकवू नका. त्यात आपला जीव असतो, तो समोरच्यालाही पटकन लागतो. त्याला कंपनीचं काम शिकवा, अगदी मन लावून, रोज, माझ्या पद्धतीने. वीस वर्षांत त्यातून काही शिकल्याची तक्रार कुणी केलेली नाही.