आदर्श शेतकरी, तिसरा मजला, घोडपदेव

घोडपदेव, मुंबई
कार्तिक वद्य पंचमी

तीर्थस्वरूप दौलतदादास,

धाकट्या वसंताचा, गुडघे धरल्यामुळे, उभ्यानेच नमस्कार. (वाकलो असं समज.) तुझा खोकला कसा आहे? रखमावहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? तांबू गाय व्यायली का? इकडे सर्व ठीक. कालिंदीची तब्येत उत्तम, स्वभाव पूर्वीसारखाच. पत्र अशासाठी की फोनवर बोलायला तू शाळेमागच्या टेकाडावर चढतोस, वर पोचेपर्यंत तुला धाप लागते, आणि तुझी धाप ऐकली की माझ्या तोंडून खरं-खोटं काहीच धड निघत नाही.

"वसंता, भात सगळा आडवा पडला रे," एवढंच तू परवा बोललास आणि रेंज गेली; बाकीचं गावाहून आलेल्या माणसाकडून कळलं. ऐन कापणीच्या तोंडावर पाऊस, लोंब्यांना जागच्या जागी कोंब, वर्षाचा तांदूळ गेला आणि पुढच्या पेरणीचं बियाणंही गेलं. वर पंचनाम्याला आलेले तलाठी त्याच चिखलात उभे राहून, मोबाईलमध्ये बघून सांगतात, तुमच्या रानात भात नाहीच, कढीपत्ता आहे, आणि कढीपत्त्याला पावसाने काही झालेलं नाही, सबब भरपाई नाही! दादा, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पायाखाली भात कुजतोय तो दिसत नाही, आणि हातातल्या काचेत कढीपत्ता दिसतो. अशा लोकांच्या हाती आपली शेती!

आता हे झालं कसं, ते ऐक. सरकारने फर्मान काढलं की शेतकऱ्याने आपलं पीक आपणच ॲपवर नोंदवावं. (ही अक्कल ज्याने पाजळली त्याने जन्मात कधी कुंडीत धणे तरी टाकले होते का, देव जाणे.) गावात रेंज नाही ही शेतकऱ्याची चूक. सातबाऱ्यावर आपलं दोघांचं नाव, म्हणून नंबर माझा दिला, हे तुला ठाऊकच आहे. नोंदणीच्या शेवटच्या दिवशी ते ॲप सकाळपासून मेल्यासारखं पडलेलं. संध्याकाळी डोळे उघडले आणि म्हणतं, उभ्या पिकाचा फोटो जोडा. घोडपदेवच्या तिसऱ्या मजल्यावर उभं पीक कुठून आणू? पण मी छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली. तिथे एक गोष्ट शिकलो: जोडपत्र जोडलेलं असावं लागतं, ते कशाचं आहे हे कोणी बघत नाही. बदलीच्या अर्जाला मी एकदा चुकून गणपतीच्या वर्गणीची पावती जोडली होती, बदली झाली! म्हणून गॅलरीत गेलो आणि कालिंदीच्या कढीपत्त्याच्या कुंडीचा फोटो काढून जोडला. (मागे दोरीवर माझी पट्ट्यापट्ट्यांची चड्डी वाळत होती, ती घाईत तशीच राहिली.) पिकाच्या रकान्यात मी 'भात'च लिहिलं होतं, कुलदेवतेची शपथ! पण यंदा सरकारने म्हणे फोटोवरून पीक ओळखणारं यंत्र आणलंय. त्या मेल्याने माझा भात खोडला आणि कढीपत्ता लिहिला. पान ओळखलं, चड्डी नाही ओळखली. सरकारने जन्मात पहिल्यांदा एक गोष्ट बरोबर ओळखली, ती नेमकी आपल्या मुळावर आली.

पुढचं ऐकून तू कपाळाला हात लावशील. मला पत्र आलं की पारंपरिक पिकाचा मोह सोडून नवी वाट धरल्याबद्दल आपला 'आदर्श शेतकरी' म्हणून दादरच्या सभागृहात सत्कार करण्याचं योजिलं आहे. मी गेलो तो निषेध करायला, हे नीट लक्षात घे. पण दारातच त्यांनी फेटा बांधला. फेटा बांधला की माणसाला निषेध करता येत नाही, मान हलत नाही. सत्कारमूर्ती बारा, त्यातले नऊ जण बेस्टच्या बसने आलेले. माझ्या शेजारी प्रभादेवीचा एक दातांचा डॉक्टर होता, भुईमूग झाडाला लागतो अशी त्याची समजूत. गारेगार एसीत एक साहेब तासभर बोलला, की भाताला काय कवटाळून बसता, बाजाराला हवं ते पिकवा. अरे, यांनीच मागे हळद लावा म्हणून गावोगाव सभा घेतल्या. हळद निघाली तेव्हा घेणारा एक माईचा लाल फिरकला नाही. भाव चढला की हे बाहेरून माल आणणार, पडला की शेतकऱ्याला नियोजन कळत नाही म्हणणार. सगळं मनात होतं, पण तेवढ्यात माझं नाव पुकारलं. शाल, नारळ आणि पाठीवरचा फवारणीपंप मिळाला. पंपाने कालिंदी गॅलरी धुते.

दुरुस्तीचं म्हणशील तर नाव काढू नकोस. सतरा कागद, चार शिक्के, आणि तरी होईल याची खात्री नाही. मी आतला माणूस आहे, मला विचार. तेव्हा नशिबाला दोष दे नाहीतर सरकारला. दोघांनाही ऐकू येत नाही.

तुझा,
वसंत

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. येत्या बुधवारी तो साहेब मंडळी घेऊन आपली 'कढीपत्त्याची बाग' बघायला गावी येतोय. तेवढी शे-दीडशे रोपं इकडून तिकडून मागून त्या भाताच्या चिखलात खोचून ठेव. मुळं नसली तरी चालतील, साहेब लोक वाकत नाहीत. विचारलंच तर भात यंदा लावलाच नव्हता म्हण. लहान भावाची अब्रू तुझ्या हातात आहे.

ता. क. २ : शाल तुलाच पाठवणार होतो, पण इकडे गारठा पडायला लागलाय.

दादा, नमस्कार. मी कालिंदी. पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. सतरा कागद वगैरे सगळ्या थापा आहेत. आमच्या लेकीने, नूपुरने, कचेरीत जाऊन विचारलं. एकच कागद लागतो: 'फोटो मी मुंबईत घरी काढला, शेतात भातच होता,' आणि खाली ह्यांची सही. ती करायला ह्यांचा हात धजत नव्हता, कारण सत्काराचे पेढे अख्ख्या मजल्याला वाटून झालेत. तुमच्या गोणीतला तांदूळ बावीस वर्षं आमच्या ताटात पडतो, तो खाताना नाही लाज वाटली! आज सकाळी सही होईपर्यंत मी चहा ठेवला नाही. पावणेअकराला झाली.

रोपंबिपं काही खोचू नका. भात पडलाय तसाच राहू दे, साहेबांना त्यातूनच चालवा आणि हा कागद त्यांच्या हातात द्या. नाहीच पटलं तर म्हणावं, तो फोटो उघडून मागची दोरी बघा. ताडून बघायला वस्तू सोबत जोडली आहे. धुतलेली आहे.