एकशे सत्ताविसाव्या पानावर

१ जानेवारी २०२५

महिन्याला दोन. ठरलं.

म्हणजे मी नाही ठरवलं, संस्कृतीनं ठरवलं. नात माझी, बारामतीला कॉलेजात शिकते. सुट्टी संपवून आज दुपारच्या गाडीनं गेली. जाता जाता म्हणाली, अप्पा, वर्षाचं कशाला धरता, महिन्याचं टार्गेट ठेवायचं. तिच्या होस्टेलवरच्या पोरी तसंच करतात म्हणे. वाचन अडलं की त्याला स्लंप म्हणतात. मी विचारलं, त्याच्यावर गोळी असते का? तर हसत सुटली. मी खरंच विचारत होतो.

पूर्वी महिन्याला चार व्हायची. सातवीत शाळा सुटली, पण वाचायचं सुटलं नव्हतं. उसाला पाणी देताना बांधावर बसून वाचलंय. दारं मोडायचं, म्हणजे पाणी दुसऱ्या सरीत वळवायचं, ध्यानात न राहून शेजाऱ्याच्या गव्हात पाणी सोडलंय. आणि आता गणपतीपासून एक पान नाही.

दोन जास्त तर नाहीत? — होतील. दोन.

३ जानेवारी

थंडी. काही नाही.

४ जानेवारी

पोरीला खरं सांगितलं नाही. इथं तरी लिहावं.

माझं वाचन अडलेलं नाही. एक पुस्तक अडलंय.

निळ्या पुठ्ठ्याची कादंबरी आहे, गावातल्या वाचनालयातली. एक म्हातारा, एक म्हातारी, माळावरची वस्ती. दिवसभर भांडतात आणि संध्याकाळी एका ताटात जेवतात. मधली पानं मी बायकोला, सिंधूला वाचून दाखवायचो. ती म्हणायची, ह्यो लिहिणारा आपल्या भिताडाला कान लावून बसला हुता काय! एकशे सत्ताविसाव्या पानावर म्हातारीच्या छातीत कळ येते. तिला जीपमध्ये घालतात. जीप फाट्यावरून तालुक्याकडं वळते, आणि पान संपतं. मी एसटीचं तिकीट खुणेला घातलं, म्हटलं उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधू धार काढायला बसली ती उठेना. छातीत कळ. अविराजनं — आमचा मुलगा — गाडीत घालून बारामतीला नेलं. बावड्याच्या फाट्यावरून गाडी वळली तेव्हा मला घाम फुटला, तो अजून वाळलेला नाही.

डॉक्टरांनी नळीत स्प्रिंग बसवली. सिंधू वाचली, घरी आली. पुस्तकातली म्हातारी अजून जीपमध्येच आहे.

पान उलटलं आणि ती मेली तर?

खुळेपणा आहे, कळतं मला. कळून काय उपयोग! हात पुढं होत नाही.

दुसरं पुस्तक घ्यावं तर वडील आडवे येतात. ते देवळात पोथी वाचायचे. उघडलेली पुरी केल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. मी तो सगळ्याच पुस्तकांना लावला. खतांवरचं सरकारी पुस्तकसुद्धा मागच्या पानावरच्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचलंय. तेव्हा हे संपल्याशिवाय दुसरं नाही. आणि हे तर संपवायचं नाही. म्हणे महिन्याला दोन!

९ जानेवारी

वाचनालयात जाऊन पुस्तकाची मुदत वाढवून आणली. तिथं मानसिंगराव बसतात, कारखान्यातून रिटायर झालेले. शिक्का मारता मारता म्हणाले, अप्पा, पाठ करताय व्हय? पेपरवाचक दोघं हसले. मीही हसलो. मग ते पुस्तक चाळत म्हणाले, पण शेवट मात्र ह्या माणसानं असा केलाय —

मी पुस्तक हिसकावलं आणि पायऱ्या उतरलो. घरी आल्यावर बघतो, एका पायात माझी चप्पल, एका पायात त्यांची.

१० जानेवारी

चप्पल पोचवली. त्यांच्या घरी, बायकोच्या हातात. ते बाहेर यायच्या आत निघालो.

१४ जानेवारी

संक्रांत. सिंधू तीळ भाजायला बसली. म्हणालो, धुरात बसू नकोस. म्हणाली, गॅसला कसला आलाय धूर! नसेल. पण धारेला बसली ती उठली नव्हती, हे मी बघितलंय.

१९ जानेवारी

गुरवतात्यांना गाठलं. माझ्यापेक्षा मोठे आहेत, नेमधर्मातलं कळतं. पुस्तकाचं नाव घेतलं नाही. आडून विचारलं, वाचायला घेतलेलं मधेच सोडलं तर दोष लागतो का? त्यांनी विचारलं, पोथी कुठली? म्हणालो, कादंबरी.

तात्या म्हणाले, कादंबरीला काय उद्यापन करणार, अप्पा? हिरोला जेवायला घालणार?

नंतर मात्र माझं तोंड बघून नीट बोलले. वाचणाराला जमत नसेल तर घरातल्या दुसऱ्यानं पुरं केलं तरी चालतं म्हणाले. येताना वाटभर विचार केला. सून संजीवनी चांगलं वाचते, बारावी झालेली आहे. तिला म्हणावं, पुढचं तू वाच, मला सांगू नकोस. पण तिनं वाचल्यावर तिच्या तोंडावर दिसेलच. ती नुसती गप्प बसली तरी मला कळेल. आणि चहा जरा मोठ्यानं आपटून ठेवला तरी मी काहीतरी काढीन. नको.

पुस्तक माझ्या गादीखाली ठेवलंय. कुणाच्या हाताला लागायला नको.

३१ जानेवारी

जानेवारी संपला. शून्य.

संस्कृतीचा फोन. काय काय वाचलं, अप्पा? मी ठिबकच्या फिल्टरबरोबर आलेलं माहितीपत्रक सांगितलं. ते धरायचं नाही म्हणाली. मग आवाज खाली आणून विचारलं, अप्पा, बरं वाटत नाही का? म्हणालो, चष्मा बदलायचा झालाय. खोटंच. पण पोरीनं खरं मानलं आणि टार्गेट खाली आणलं. फेब्रुवारीत पुस्तक नको, रोज दहा पानं फक्त.

दहाच! तिला काय सांगू, माझी नड पहिल्याच पानाची आहे.

६ फेब्रुवारी

आज गाढवपणा केला. घरात कुणी नव्हतं. पुस्तक काढलं, एकशे सत्ताविसावं उघडलं. उलटायचं नाही, फक्त कोपरा जरासा उचलून बघायचा, म्हटलं एखादा शब्द दिसेल, अंदाज येईल. दिसला.

पांढरं.

घाईनं मिटलं.

७ फेब्रुवारी

पांढरं काय? दूध पांढरं असतं. दवाखान्यातल्या गादीवरचं कापड पांढरं. नर्सबाईंचे कपडे. म्हाताऱ्याचं धोतर. एवढ्या पांढऱ्या वस्तू असताना माझं मन एकाच कापडाकडं जातंय.

८ फेब्रुवारी

पांढरंच.

सिंधूनं विचारलं, जेवताना भाताकडं असं काय बघत बसलाय?

१५ फेब्रुवारी

खोटं बोललो होतो ते खरं करावं म्हणून इंदापूरला चष्म्याला गेलो. सिंधू मागं लागली, मलाबी न्या, घरात बसून अंग आंबलं. नेऊ नये असं वाटत होतं. नेलं.

चष्म्याचं काम पटकन झालं. नंबर फारसा वाढलेला नाही म्हणाला. परत स्टँडवर येताना ती मागं पडली. वळून बघतो तर एका रसवंतीच्या बाकावर बसलेली, पदरानं वारा घेतेय. दम लागलाय. ओठ कोरडे. रस प्यायचा म्हणून बसले म्हणाली. साखर नको सांगितलीय डॉक्टरांनी, हे तिलाही माहीत आहे.

गाडीत तिला खिडकीशी बसवलं. बावडा येईपर्यंत मी तिचा श्वास ऐकत होतो. नवा चष्मा डोळ्यांवर, आणि बघायचं काहीच नव्हतं.

घरी कुणाला सांगायचं नाही म्हणाली. मी अविराजला सांगितलं. तिनं मला अबोला धरला.

१७ फेब्रुवारी

अविराजनं फोन लावला. डॉक्टर म्हणतात घेऊन या. पुन्हा तार घालून नळ्या बघाव्या लागतील. मार्चमधली बारा तारीख दिली.

अबोला आहेच. मीठ पाहिजे असलं तरी संजीवनीला सांगते, ह्यांना म्हणावं मीठ द्या. मी शेजारीच बसलेलो असतो.

२८ फेब्रुवारी

शून्य. संस्कृतीनं या वेळी विचारलंच नाही. तिला आजीचं कळलंय.

५ मार्च

विचार करतोय. असंही होऊ शकतं की पुस्तकातली म्हातारी बरी होऊन घरी येते. मग मी सहा महिने उगाच मरतोय. एवढं सोपं आहे, उलटून बघायचं. लोक मोठमोठी धाडसं करतात. मी वयात आल्यापासून साप मारलेत, विहिरीत उतरलोय. कागद उलटता येत नाही!

वडिलांचाही विचार येतो. त्यांनी नेम धरला तो वाचत राहण्यासाठी. मी त्याचंच कुलूप करून ठेवलंय.

बारा तारखेच्या आधी तर नाहीच. नंतर बघू.

११ मार्च

उद्या बारामती. पिशवी भरली. कागद, गोळ्या, शाल, पाण्याची बाटली. पुस्तकही घेतलं. आम्ही नसताना कुणी गाद्या उन्हात घातल्या तर सापडायचं.

अबोला आज सुटला. म्हणाली, माझा कंगवा घेतला का? दोनदा विचारलं.

१२ मार्च

बारामतीत आहोत. ती झोपलीय. डोकं ठिकाणावर नाही तरी लिहून ठेवतो.

सकाळी तिला हिरवा झगा घालून खाटेवर बसवलं होतं. आत न्यायला वेळ होता. अविराज खाली कागदाच्या रांगेत. तिला गार वाटायला लागलं, शाल काढा म्हणाली. मी उठायच्या आत तिनंच पिशवीत हात घातला. हाताला पुस्तक लागलं.

मी काही बोलायच्या आत म्हणाली, "ह्यातली म्हातारी मरती. जीपमधीच."

मला वाटलं मी चुकून ऐकलं.

संजीवनीनं वाचून दाखवलंय तिला. जानेवारीतच. मी पुस्तक गादीखाली ठेवतो हे सिंधूनं पहिल्याच दिवशी बघितलं होतं. गादी हीच झाडते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. उभा जन्म पुस्तकं उशाला उघडी टाकणारा माणूस एक लपवतो, तर त्यात काय आहे ते बघू, म्हणून मी गावात गेल्यावर तिनं सुनेला बसवलं. ती जागा आली तशी संजीवनी रडायला लागली. पुस्तक मिटून होतं तिथं ठेवून दिलं. तिकीट पण त्याच पानात.

म्हणजे दीड महिना हिला ठाऊक होतं. आणि ही धार काढत होती, इंदापूरला येत होती, माझ्याशी अबोला धरत होती.

मी विचारलं, तुला भीती नाही वाटली?

"ती बाई मेली. मी हाय की हितं."

मग शाल खांद्यावर ओढून घेतली. मला वाटलं बोलणं संपलं. तर म्हणाली, "मला तिचं न्हाय, फुडचं ऐकायचं हुतं. ती गेल्यावर त्या म्हाताऱ्याचं कसं हुतं त्ये. संजीवनीला लई म्हणलं, वाच. ती न्हाय म्हणली. मला कुठं वाचाया येतंय? तुमीच वाचा आता. त्यो नीट ऱ्हातो का, तेवढं मला सांगा."

ब्रदर खुर्ची घेऊन आला. तिला घेऊन गेले. दार लागलं.

मी पुस्तक मांडीवर घेऊन बाकावर बसलो. उघडलं नाही. तिच्याशिवाय उघडायचं नव्हतं.

आणखी एक नळी बारीक झालीय. आत्ता काही करायचं नाही, गोळ्यांवर ठेवू, तीन महिन्यांनी पुन्हा बघू, असं डॉक्टर म्हणाले. बरं की वाईट, मी दोनदा विचारलं. बघू म्हणाले.

१६ मार्च

संस्कृतीला फोन करून सांगितलं, या महिन्याचं टार्गेट हे एकच. संपेल तेव्हा संपेल.

दुपारी सिंधू खाटेवर, मी शेजारी खुर्चीत. पान उलटलं. मोठ्यानं वाचतोय. म्हातारीचं सगळं झालं, पाहुणे गेले, म्हातारा वस्तीवर एकटा उरला. मी दोन-तीनदा तीच ओळ पुन्हा वाचली, तेव्हा तिनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. मधे बोलत नाही, डोळे मिटून ऐकते. दर पान संपलं की फक्त विचारते,

"जेवला का त्यो?"