दाराशी रचलेली पोती

दादा, असशील तिथे,

नदी मागच्या गल्लीत आलीय. फ्रिज, गाद्या, आईची शिलाई मशीन, सगळं मी एकटीने माडीवर चढवलं. अप्पा तेवढे खाली अडून बसलेत. म्हणतात, "थोरला येईल, तोच मला वर नेईल." त्यांनी घाबरू नये म्हणून मी थाप मारली, की तू निघालायस. तुझा ठावठिकाणा आम्हाला ठाऊक नाही; हे पत्र तरी कुठे टाकू?

दाराशी वाळूची पोती रचून मी वर गेले. खाली येऊन बघते तर पोती बाजूला ओढलेली, दार सताड उघडं, आणि अप्पा घोटाभर पाण्यात खुर्ची टाकून बसलेले.

"मागच्या वेळी मी त्याला दार उघडलं नव्हतं," म्हणाले. "आता उघडंच राहू दे."

तुझी,
धाकटी