लॉकनटच्या चावीचा तपास

११ नोव्हेंबर, मंगळवार
आपल्या गाडीचे चार टायर चार वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत. टायरवाल्या धर्मराजने आज आमच्या किराणा दुकानासमोर, भर गिऱ्हाइकांत, ही खात्री करून दिली. म्हणाला, आप्पा, चार पाय चार जनावरांचे हायत की!

मी हसलो, पण आत संशय आला. सेकंडहँड गाडी घेताना मी काय कमी बघितलं होतं? जुन्या स्पीकरचा चुंबक पूर्ण बॉडीवर फिरवला, कुठे पत्र्याऐवजी लांबी भरलीय का ते पाहायला. चारही टायरना लाथ मारली. टायरवरचं नाव वाचायचं असतं हे कुणी सांगितलं नाही. विकणारे चकलांब्याचे मोहनराव मला चहा पाजत होते तेव्हा नेमके पुढच्या टायरला टेकून उभे होते. हे आता आठवतंय.

नजरेचा बंदोबस्त मात्र मी पहिल्याच दिवशी केलाय. काळ्या फडक्यात बिब्बा, मीठ आणि लोखंड बांधून मागच्या बंपरखाली पोटली लटकवली. लोखंड शोधावंही लागलं नाही. डॅशबोर्डच्या खणात एक बिनकामाचा तुकडा पडलेला होता. काटकसर.

१२ नोव्हेंबर
संकल्प. २३ तारखेला मेहुणी रुद्राणीचा साखरपुडा, धर्मापुरीला. स्वतःच्या गाडीने, स्वतः चालवत जायचं. मागच्या लग्नात मेहुण्याच्या, केदारनाथच्या गाडीत मागे, आहेराचं पातेलं मांडीवर घेऊन गेलो होतो. पुन्हा नाही.

केदारनाथला फोन करून कळवलं, तुझी गाडी पाठवू नको. तो म्हणाला, भाऊजी, नक्की ना? हे विचारताना मागे सासूबाई हसल्याचा आवाज आला. बायकोने, कावेरीने, परळीच्या एसटीची वेळ विचारली. मला ऐकू आलं नाही.

१४ नोव्हेंबर
पुढच्या डाव्या टायरला फुगा आलाय. धर्मराज म्हणाला, ह्याच्यावर धर्मापुरी कशी गाठता, स्टेपनी टाकून देतो. बाकीचे नट निघाले, एक निघेना. तो लॉकनट होता. चोराने चाक नेऊ नये म्हणून प्रत्येक चाकाला एक असा नट असतो, आणि त्याला वेगळी चावी लागते. मोहनरावांच्या पोराने चकचकीत रिम बसवल्या तेव्हाचं काम.

चावी गाडीत नाही. डॅशबोर्डचा खण उलटा करून झटकला. रिकामा.

म्हणजे मोहनरावांनी चावी ठेवून घेतली. उघड आहे. गाडी विकायची आणि सवडीने येऊन चाकं परत न्यायची. डोकं मानलं पाहिजे.

कावेरी म्हणाली, एक फोन लावून इचारा की त्यांना. तिला तपासातलं कळत नाही. चोराला सावध करायचं नसतं.

१६ नोव्हेंबर, रविवार
धर्मराज म्हणतो, जुना पाना ठोकून बसवतो, निघतंय. लई घाई दिसली. आधी नट बिघडवायचा, मग नवी रिम विकायची. मोहनरावांशी त्याची ओळख किती, हे बघावं लागेल. नको म्हणालो. तो म्हणाला, ऱ्हाऊ द्या मग, हार घाला गाडीला.

दुकानाच्या शटरचं कुलूप आणि साखळी पुढच्या चाकाला लावली. आता येऊ दे मोहनरावांना.

शटर उघडंच राहिलं. कावेरी बोलली.

१८ नोव्हेंबर
चावी शोधायला बीडला गेलो. एसटीने. जुन्या पार्टच्या दुकानात अशा चाव्यांचा डबाच होता. दुकानदाराने विचारलं, नक्षी कशी हाय? म्हटलं, ते माहीत असतं तर आलो असतो का? तो म्हणाला, मग गाडी घिऊन या. म्हटलं, गाडी येत नाही म्हणून तर आलो. बाकड्यावरचे दोघे हसले. त्यातल्या एकाचा रुमाल मोहनरावांसारखाच होता.

परत आलो तर फुगा आलेला टायर पूर्ण बसलेला. हवा कुणी सोडली? धर्मापुरी लांब आहे, पण केदारनाथला माणसं पाठवता येतात.

२० नोव्हेंबर, अमावस्या
कारण सापडलं. पोटलीच कुचकामी. गाडी आल्यापासून एक दिवस धड नाही. पोटली सोडली, कावेरीला सोबत घेऊन कालव्यावर गेलो आणि वाहत्या पाण्यात टाकली. टाकल्यावर मागे वळून बघायचं नसतं, बघितलं नाही. कावेरी आधी म्हणाली होती, आतलं लोखंड तरी काढून घ्या, नव्या पोटलीला व्हईल. मी समजावलं, नजर लागलेलं लोखंड पुन्हा वापरत नसतात.

नव्या पोटलीत घोड्याचा नाल घातलाय. मन हलकं झालं. परवा चावी सापडणार, असं आतून वाटतंय.

२१ नोव्हेंबर
कावेरीने मला न विचारता मोहनरावांना फोन लावला. स्पीकरवर. ते म्हणाले, वहिनी, चावी डॅशबोर्डाच्या खणातच हाय. गोल लोखंडी तुकडा, अंगठ्याएवढा, आत फुलावानी नक्षी. मी आप्पांला हातात दिलती. आप्पा म्हणले, ऱ्हाऊ द्या, मला गाडीतलं सगळं कळतंय.

मी असं म्हटल्याचं मला आठवत नाही. उत्तर इतकं तयार होतं, म्हणजे पाठ केलेलं असणार.

कावेरी बराच वेळ बंपरखालच्या नव्या पोटलीकडे बघत बसली. मग तिने भावाला फोन केला. उद्या सकाळी केदारनाथ आम्हाला न्यायला येतोय. सासूबाईही सोबत आहेत. साखरपुड्याला निघण्याआधी सगळ्यांनी कालव्यावर जायचं ठरलंय. येताना काही आणू का, असं केदारनाथने विचारलं. कावेरी म्हणाली, लांब दोरी आण. चुंबक ह्यांच्याकडं हाय.