संत्र्यांवर आलेला आळ

आई, तुझ्या तोंडावर जे कधी बोलले नाही ते नागपूरच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहिते आहे. आत माझा नातू आहे, नऊ दिवसांचा, हळदीसारखा पिवळा. त्याला रक्त चढवताहेत आणि मला बाहेर बसवलंय.

त्या दिवाळीत मी कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगातून घरी सौंसरला आले होते. नागपूर आता दुसऱ्या राज्यात जाणार आणि आपण इकडेच उरणार म्हणून बाबा ओसरीवर चिडलेले, आणि आत खाटेवर तू, कुशीत माझा चार दिवसांचा भाऊ. आमच्या सिस्टर ट्रंकेत डांबराच्या गोळ्या ठेवायच्या. तो वास मला फार स्वच्छ, शहाणा वाटायचा. चार गोळ्या मी रुमालात बांधून आणल्या आणि बाळाच्या दुपट्यांच्या गाठोड्यात सारून दिल्या. तू दुपटं हुंगून म्हणतेस, "हा कायचा वास येऊन राहिला गं? मडमेच्या घरचा?" आणि हसतेस.

तिसऱ्या दिवशी बाळाचे डोळे पिवळे, लंगोट काळ्या चहासारखे. आजी खाटेपाशी येऊन उभी राहिली. "संत्री खाऊन राहिली होती न बाळंतपणात! उतरला न तो रंग दुधात?" बाळ गेलं. पुढे बागेतली संत्री तू आम्हाला सोलून देत राहिलीस, शिरा काढून, बिया काढून. स्वतः एक फोड तोंडात घातली नाहीस, शेवटपर्यंत.

आज डॉक्टर सांगतात, लाल पेशी साखरेतून स्वतःला सावरायचं बळ काढतात. त्यासाठी लागणारं जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम तुझ्यामाझ्या रक्तात कमी आहे. ही उणीव आईकडून येते. मुली बहुधा निभावून नेतात, मुलगे सापडतात. मग पेशी फुटायला एवढंसं निमित्त पुरतं. "बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या होत्या का?" त्यांनी विचारलं. त्याचं दुपटं माझ्याच पेटीतलं. तो वास मला अजून आवडायचा गं.

डॉक्टरांना सांगितलं. लेकीला नाही. मघाशी ती विचारत होती, "आई, माझ्याच खाण्यात काही आलं का गं?" मी पिशवीतलं संत्रं सोलून तिच्या हातात ठेवलं. तिनं ते तसंच धरून ठेवलंय.

तुला लिहिणं सोपं आहे, तू वाचणार नाहीस. गोळ्या मीच ठेवल्या होत्या, आई. दोन्ही वेळा.