लोवेलच्या बंदुकीचा दांडा

प्रिय जनेल,

तळ्यावरचा बर्फ वितळला. तुझ्या आईने लावलेल्या रूबार्बचे आंबट देठ वर आलेत, म्हणजे आता मे आलाच. माझा दोस्त लोवेल जानेवारीत गेला तेव्हा जमीन गोठून दगड झाली होती, म्हणून मार्लिसने नवऱ्याच्या अस्थी पुरायचं मेअखेरीवर टाकलं. आमचं माजी सैनिकांचं पथक तीन फैरींची मानवंदना देईल. माझे बार लोवेलच्याच बंदुकीतून व्हावेत, असं मार्लिसच्या मनात आहे. ती बंदूक जोडायला त्याने वर्षानुवर्षं जमवलेले जुने सुटे भाग तिने माझ्या हवाली केले.

बंदूक जोडली खरी, पण बाजूचा दांडा ओढताना मध्येच अडायचा. खऱ्या गोळीवर ती बंदूक पुढची गोळी आपली आपण भरून घेते. आमच्या नुसत्या आवाजाच्या काडतुसांत तेवढा जोर नसतो, दर बाराला दांडा हाताने ओढावा लागतो. तो अडला की आपला बार मागे राहतो आणि सगळ्या स्मशानभूमीला कळतं. आमच्या पथकाचा म्होरक्या अर्विन दांडा निरखून म्हणाला, "अरे, हा वाकलाय की. आण हातोडा, सरळ करतो." हा दांडा मुळातच वाकडा घडवलेला असतो, सरळ केला की बंदूक कामातून गेली. मी तो कोटाच्या खिशात घालून घरी आणला.

स्प्रिंग काढून रिकामी बंदूक खाली-वर कलती केली, की दांडा आपल्या वजनाने घरंगळायला हवा. लाकूड उतरवलं की घरंगळायचा, चढवलं की अडायचा. मग दांड्याला मेणबत्तीची काजळी फासली, लाकूड चढवलं आणि दांडा ओढून पाहिला. मी नव्याने बसवलेल्या अक्रोडी लाकडाच्या दस्त्यात, दांडा घासत होता तिथे, नखाएवढा काळा डाग उमटला. तेवढीच जागा पॉलिश पेपरने घासली. दांडा लोण्यासारखा सरकायला लागला आणि मी स्वतःवरच खूश होऊन ॲपल-पायचा दुसरा तुकडा खाल्ला.

काल सराव झाला. पहिला बार सगळ्यांचा एकदम. दुसऱ्याला मी मागे, तिसऱ्यालाही मागे. अर्विन म्हणाला, "डेलमार, आता तेल तुलाच घालायला हवं." सगळे हसले, मीही हसलो. घरी येऊन बंदूक पुन्हा कलती केली. दांडा कुठेही अडला नाही.

अडतात ती माझी बोटं, जनेल. शर्टाची बटणंही हल्ली लागत नाहीत, फोनवर तुला हे सांगवलं नाही. लोवेलला निरोप देताना मार्लिसच्या कानावर एक उशिराचा बार पडावा, हे मला सोसणार नाही. तू फौजेतून आलीस तेव्हा पथकात ये असं तुला कुणी म्हटलं नाही, आणि तू आपणहून विचारणाऱ्यांतली नाहीस. आता मी म्हणतोय. ये आणि माझ्या जागी उभी राहा. मी मार्लिसशेजारी खुर्चीत बसेन. माझ्यावाचून तिन्ही फैरी एकसंध झाल्या तर मला जरा वाईट वाटेल. ते तिथे कुणाला दिसू देणार नाही, तुला मात्र आधीच सांगून ठेवतो.

तुझाच,
बाबा